विलास, त्या दिवशी तू काय म्हणालास?

विलास,

पाथर्डी फाट्यापासून अंबडच्या मोठ्या गेटपर्यंत तुझे फ्लेक्स लागलेत. फोटो जुनाच, मिशी काळी होती तेव्हाचा. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग, आणि त्यांचे चेहरे तुझ्यापेक्षा मोठे. आपल्या कंपनीच्या मालकाचा पुतण्यासुद्धा एका फ्लेक्सवर हात जोडून उभा आहे. सगळ्यांवर ओळ एकच, एकाच दुकानातून लिहून आणल्यासारखी: कामगारांचा सभागृहातला बुलंद आवाज हरपला.

तू असतास तर रिक्षा थांबवून त्या पुतण्यापुढे उभा राहिला असतास, त्याची नक्कल केली असतीस आणि मला पोट धरून हसायला लावलं असतंस. मी एकटीच होते. मला हसू आलं नाही, राग आला. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "मावशी, भाऊंना ओळखायच्या का तुम्ही?" म्हटलं, "चांगली ओळखायचे." तो म्हणाला, "लय मोठा माणूस होता." मी रस्त्याकडे बघत बसले.

काल शोकसभेत मी जे बोलले, त्यानंतर मला कुणी काही लिहायला सांगेल असं वाटलं नव्हतं. पण आज सकाळी रत्नानेच निरोप पाठवला. भाऊंची स्मरणिका निघतेय, ताईंनी दोन शब्द लिहावेत. तुझी बायको तुझ्यापेक्षा धीट आहे, हे मी तुला आधीपासून सांगत आलेय. लिहायला बसले, तर शब्द तुझ्याविषयी येईनात, तुझ्याशीच भांडण सुरू झालं. हे छापतील असं वाटत नाही. नाही छापलं तरी चालेल. तू गेलास म्हणून आपलं भांडण मिटलं, असं मी समजत नाही.

तुझ्याविषयी वाईटच सांगायचं असतं तर सोपं होतं रे. पण तू आमच्यासाठी जे केलंस ते मी विसरू कशी? तू पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपला, मी वाइंडिंगला. मोटारींच्या कॉइल गुंडाळणाऱ्या आम्ही सगळ्या बायका, आणि बायकांचा संडास कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पेंट शेडच्याही पलीकडे. जाऊन येईपर्यंत सुपरवायझर मनगटावरचं घड्याळ दाखवत उभा असायचा. बायका पाणी प्यायच्या बंद झाल्या होत्या. नव्या पोरी आजारी पडायच्या आणि कशाने ते सांगायला लाजायच्या. तू युनियनमध्ये नवीन होतास. मॅनेजरला मीटिंगला बोलावलंस, बोलता बोलता चहा पाजलास, वर आग्रहाने पाणी पाजलंस, पुन्हा चहा पाजलास, मीटिंग लांबवत नेलीस. आणि शेवटी म्हणालास, "साहेब, तुमचं टॉयलेट आज बंद आहे. आमच्या बायका जातात तिकडे चला, मी सोडतो."

महिन्याभरात वाइंडिंगच्या दाराशी नव्या संडासाची भिंत उभी राहिली. पण खरी मजा त्यानंतर होती. तो किस्सा तू किती वेळा सांगितलास! मॅनेजर रुमालाने घाम पुसत पेंट शेडमधून कसा चालत होता, वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला कसा घाईने नमस्कार करत होता, तू मुद्दाम थांबून त्याला मशिनरी कशी दाखवत होतास. प्रत्येक सांगण्यात त्या बिचाऱ्याची घाई वाढत गेली. जेवणाच्या सुट्टीत माणसं डबे तसेच ठेवून तुझ्याभोवती गोळा व्हायची. सलीमभाई म्हणायचे, "भाऊ, वो रुमालवाला हिस्सा फिर से सांगा." सलीमभाई तुझ्याच प्रेस शॉपमधले, मालेगावच्या लूमवर वाढलेले. यंत्राच्या आवाजात जन्म गेला म्हणून मोठ्याने बोलतो, असं ते स्वतःच सांगायचे.

आणि गेट मीटिंग. तुझा एक हट्ट होता, ठराव हात वर करूनच मंजूर व्हायचा. कुणी "मंजूर, मंजूर" ओरडलं की तू माइकवरून दरडावायचास, "ओरडू नका. हात वर करा. ओरडताना कुणीही कुणाच्याही मागे लपतं." समोर ऑफिसच्या काचेतून साहेब लोक बघत असायचे आणि आम्ही हात वर करायचो. बायकांच्या रांगेतून पहिल्यांदा माझा हात वर गेला. तू तो बघितलास आणि माइकवरूनच म्हणालास, "ताईंचा हात वर आला. आता पुरुषांनी लाज बाळगावी." तेव्हापासून मी तुझी ताई झाले.

माझा नवरा सुभाष गेला त्या आजारपणात माझ्या सख्ख्या दिरापेक्षा तू जास्त वेळ सिव्हिलच्या व्हरांड्यात बसलास. त्याला अंघोळ घातलीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तू मानूही दिले नसतेस. आता मानते.

म्हणून तर तू आमदारकीला अपक्ष उभा राहिलास तेव्हा आम्ही जिवाचं रान केलं. खळ घरी शिजवली, पोस्टर घरी चिकटवली, बायकांनी दुसरी पाळी करून घरोघर स्लिपा वाटल्या. निकाल लागला तेव्हा "विलास निवडून आला" असं कुणी म्हटलं नाही. "आपण निवडून आलो" असंच सगळे म्हणत होते.

मग तुझी निवेदनं सुरू झाली. कांद्याच्या निर्यातीवर तू बोललास, गोदावरीतल्या फेसावर बोललास, अंबडच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या कंटेनरवर बोललास, घोटीच्या भाताच्या भावावर बोललास. मालेगाव तुझ्या मतदारसंघात नसूनही तिथल्या लूमच्या विजेवर बोललास. चांगलं बोलायचास. वर्षअखेरीस गुळगुळीत कागदाचा कार्यअहवाल निघायचा आणि पेपरात घालून घरोघर यायचा. किती प्रश्न विचारले, किती लक्षवेधी लावल्या, पायऱ्यांवर कुठकुठल्या वेशात आंदोलन केलं, सगळे फोटो. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि तुला विचारलं, "यात तू काय बोललास ते आहे. मत कशाला दिलंस ते कुठे आहे?"

तू हसलास. म्हणालास, "ताई, तिथे हात वर करायचे नसतात. आवाजी असतं सगळं. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. मग विचारतात, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. आवाज ऐकतात आणि सांगतात, होयचं बहुमत. झालं."

"म्हणजे कोण काय म्हणालं ते कुठेच राहत नाही?"

"कुणी उठून मतविभाजन मागितलं तर डोकी मोजतात, नावं लिहितात. पण मागतंय कोण?"

"गेटवर तर तू हे चालू दिलं नसतंस," मी म्हटलं. तू म्हणालास, "गेट वेगळं, सभागृह वेगळं." मी तेव्हा ते सोडून दिलं.

आणि मग ते विधेयक आलं. तोवर कारखाना बंद करायचा, माणसं कमी करायची, तर मालकाला आधी सरकारची परवानगी काढावी लागायची. आता ती अट फक्त मोठ्या कारखान्यांना राहणार होती, आपल्यासारख्या मधल्यांना सूट. अंबडमध्ये मधले कारखाने किती आहेत हे तुला कुणी सांगायला नको होतं. तू अपक्ष, पण सरकारला पाठिंबा दिलेला. तरी गेट मीटिंगला येऊन तू सांगितलंस, "हे विधेयक माझ्या प्रेतावरून जाईल." टाळ्या थांबेनात. तुला मी तेव्हाच म्हटलं होतं, प्रेताबिताचं बोलू नकोस, साधं नाही म्हण.

आदल्या दिवशी तुझा फोन आला. "ताई, उद्या मोर्चाबरोबर मुंबईला येतेस ना? तुला गॅलरीचा पास काढलाय. एकच मिळालाय. तुझा भाऊ काय करतो ते वर बसून बघ. आणि येताना एक मोठं कुलूप आण." मी घराचंच आणलं, जाताना दाराला दोरी बांधली. सकाळी विधानभवनाच्या पायऱ्यांवर तू ते साखळीत अडकवून गळ्यात घातलंस, "कारखान्यांना कुलूप, कामगारांना उपास" असा फलक धरलास आणि कॅमेऱ्यांपुढे उभा राहिलास. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत माझं कुलूप होतं. ते तू परत दिलं नाहीस, ते एक असो.

वर गॅलरीत जाताना पोलीसबाईने पर्स, मोबाइल, छत्री सगळं खाली ठेवून घेतलं. बोलायचं नाही, हसायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कठड्यावरून वाकायचं नाही. मी पहिल्या रांगेत बसले. माझ्या अगदी खाली तुझं बाक होतं. वरून तुझं टक्कल दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता. दुपार उलटून गेली होती, निम्मी बाकं रिकामी होती. विधेयक पुकारलं. विरोधातले दोघं-तिघं बोलले, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग तुझं नाव पुकारलं. मी पदर सावरून ताठ बसले. तू उठलास आणि म्हणालास, "अध्यक्ष महोदय, वेळ कमी आहे. माझे मुद्दे मी लेखी देतो." आणि खाली बसलास.

मला वाटलं, हरकत नाही, मताच्या वेळी बोलेल. अध्यक्ष पाठ म्हटल्यासारखं म्हणाले. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. खालून होय आलं, दणकून. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. समोरच्या बाकांवरून थोडे आवाज आले. तुझ्या आजूबाजूच्यांनी तोवर बाकं वाजवायला सुरुवातही केली होती. मी तुझ्या टकलाकडे डोळे लावून बसले होते. ते हललंसुद्धा नाही. होयचे बहुमत, विधेयक संमत झाले. लगेच पुढचं विधेयक पुकारलं, कसलं ते आता आठवत नाही. अंबडचा निकाल लागायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर येऊन तू माइकपुढे सांगितलंस, "मी या विधेयकाला प्रखर विरोध केला." मोर्चातल्या लोकांनी तुला खांद्यावर घेतलं.

परत येताना तू मला तुझ्या गाडीत घेतलंस. कसारा घाट चढलो. घोटीला चहाला थांबलो तेव्हा विचारलं, "विलास, तू नाही म्हणालास का?"

"म्हणालो ना."

"मला ऐकू आलं नाही."

"केवढा गोंधळ होता तिथे! तुला वर काय ऐकू येणार?"

"मतविभाजन का मागितलं नाहीस? तुझ्या एका शब्दाने सगळ्यांना उभं राहावं लागलं असतं ना?"

तेव्हा तू चिडलास. दवाखान्याचं काढलंस. कामगार विम्याच्या दवाखान्याची नवी इमारत, डायलिसिसची मशीन, फाइल मंत्र्यांच्या टेबलावर. मंत्री तुझ्या पुढच्याच बाकावर. "मी उठून डोकी मोजायला लावली असती तर दवाखाना गेला असता. हिशोब कळतो का तुला काही?" मी म्हटलं, "बरं, नको मागूस. पण नुसतं नाही म्हणायला काय झालं? ते तर कुणी लिहून ठेवत नाही, तूच सांगितलंस."

"शेजारचा ऐकतो ना," तू म्हणालास. आणि मग एकदम, "म्हणालो सांगितलं ना एकदा!"

चहा तसाच ठेवून तू गाडीत जाऊन बसलास. भजी मात्र बांधून घेतलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी पुन्हा सांगणार. दवाखान्याची इमारत झाली. तू फीत कापलीस, देखणी इमारत आहे, मशीन आहेत, मी नाही म्हणत नाही. आणि आपली कंपनी बंद झाली. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणाची परवानगी काढावी लागली नाही. सकाळच्या पाळीला गेलो तर गेटला नोटीस. माणसं दुपारपर्यंत तिथेच उभी होती, घरी जाऊन काय सांगायचं ते कळत नव्हतं म्हणून. नोकरी गेली तसं काही महिन्यांनी विम्याचं कार्डही बंद झालं. सलीमभाईंच्या बायकोच्या किडन्या गेल्या तेव्हा तुझ्या त्या नव्या दवाखान्याच्या खिडकीवर त्यांना सांगितलं, कार्ड चालू नाही, इथे होणार नाही. खिडकीवरच्या मुलीची काही चूक नव्हती. नियमच तो होता. तू दवाखाना आणलास आणि ज्यांच्यासाठी आणलास त्यांना दारातून आत जायची सोय राहिली नाही. हे मी तुला तोंडावर म्हटलं होतं. तू म्हणालास, "मी फोन करतो." केलासही. दुसऱ्या एकीचं काम झालं, सलीमभाईंची बायको मात्र गेली. बाकीच्यांनी किती वेळा तुझा फोन मागायचा होता?

तरी तू दर भाऊबीजेला यायचास, आणि मी दर भाऊबीजेला ओवाळायचे. पाटावर बसलास, टोपी घातलीस, मी तबक घेतलं की विचारायचे, "त्या दिवशी काय म्हणालास?" तू म्हणायचास, "ताई, दिवा विझेल." एका वर्षी म्हणालास, नाहीच म्हणालो. एका वर्षी म्हणालास, मी त्या वेळी फोनवर बाहेर गेलो होतो. मी म्हटलं, तुझं टक्कल काय बाकावर ठेवून गेला होतास? रत्ना तोंडाला पदर लावून हसली, तूही हसलास. पुढल्या वर्षी म्हणालास, आता एवढं काय त्याचं. तू साडी ठेवायचास तबकात. मला साडी नको होती.

खरं सांगू? तू नाही म्हणाला नव्हतास, हे मला घोटीतच समजलं होतं. पण तुझ्या तोंडून येत नव्हतं तोवर मी स्वतःला समजावत राहिले, बाकं वाजत होती, मी वर होते, राहिलं असेल ऐकायचं. ज्या माणसाने मला हात वर करायला शिकवलं त्याच्याविषयी वेगळं काही मानायला मी तयार नव्हते. आणि तोवर दोन निवडणुका झाल्या, दोन्ही तू जिंकलास. प्रत्येक सभेत "सभागृहात तुमच्यासाठी लढलो" होतं. मी समोर पहिल्या रांगेत बसायचे आणि तू ते वाक्य म्हणताना माझ्या डोक्यावरून मागे बघायचास.

मग तुझं हृदयाचं दुखणं. खाजगी हॉस्पिटल, एसी खोली, बाहेर कार्यकर्त्यांची गर्दी. तू सगळ्यांना बाहेर काढलंस आणि मला बसवून घेतलंस. मी काही विचारणार नव्हते, शपथेवर सांगते. आजारी माणसाला काय छळायचं? तूच सुरू केलंस.

"ताई, मी काहीच म्हणालो नाही."

"कधी?"

"त्या दिवशी. होयही नाही म्हणालो, नाहीही नाही. होय म्हणावं तर तू वर बसलेली. नाही म्हणावं तर मंत्री पुढे बसलेले. तोंडच उघडलं नाही."

इतक्या वर्षांनी खरं बोललास म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मग तू तुझा तो लाडिक आवाज काढलास, ओवाळणी चुकवताना काढायचास तो. म्हणालास, "तू तरी वरून ओरडायचंस."

विलास, मी ओरडले असते तर मला हाताला धरून बाहेर काढलं असतं, रात्रभर चौकीत बसवलं असतं. मी गेले असते, त्याचं काही नव्हतं. पण आत बोलण्यासाठी आम्ही तुला पाठवलं होतं. मला गप्प बसायचा पास तूच काढून दिलास आणि शेवटी ओरडायचं कामही माझ्याच गळ्यात घातलंस. मी उठले आणि निघून आले. ते आपलं शेवटचं बोलणं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. रडू येतं, ती गोष्ट वेगळी.

काल शोकसभा. हॉल गच्च भरला होता. एकामागून एक वक्ते उठत होते आणि प्रत्येकजण त्या विधेयकाविषयी बोलत होता. कुणी म्हणालं तू सभागृह दणाणून सोडलंस. कुणी म्हणालं तू एकटा नडलास. त्यातला एकही तिथे नव्हता. मग माझं नाव घेतलं. मला तुझ्या शौचालयाच्या लढ्याचं सांगायचं होतं, सुभाषच्या आजारपणाचं सांगायचं होतं, ते मी सांगितलं. मग माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "त्या दिवशी मी तिथे होते. विलास नाही म्हणाला नव्हता. तो गप्प बसला होता. हे मला त्याने स्वतः सांगितलंय. तो गेलाय, आता त्याच्या नावावर जे नाही ते चढवू नका."

सूत्रसंचालकाने घाईघाईने माइक घेतला, ताई भावनावश झाल्या आहेत म्हणाला. रत्ना तुझ्या फोटोशेजारी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, आता आपली माणसं माझ्या अंगावर येतील. त्यांनी तुला खांद्यावर घेतलं होतं रे. कुणी काही बोललं नाही. मी बाहेर आले, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. सलीमभाई मागोमाग आले.

"ताई, एवढं मनाला कशाला लावून घेता? वो तो सबको मालूम था."

"काय माहीत होतं?"

"हेच. भाऊ काही बोलले नव्हते ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? भाऊ कुठे भांडून आले तर आठवडाभर सांगायचे. कोण काय बोललं, कोणाचा चेहरा कसा झाला, नकला करून करून. त्या दिवशी आले आणि फक्त 'प्रखर विरोध केला' बोलले. बस. मी तर तेव्हाच प्रेस शॉपमध्ये सगळ्यांना बोललो, भाऊ गप बसले."

"मग दोनदा मतं का दिलीत?"

"समोर कोण होता? मालकाचा पुतण्या उभा होता." ते टाकीच्या नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. "आणि आपला माणूस होता, ताई. तो खोटं बोलायचा आणि आम्ही ऐकून घ्यायचो. त्याला तेवढंच पाहिजे होतं."

बायको गेलेला माणूस हे बोलत होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. राग असता तर तुला कुणीतरी विचारलं असतं. तुला वाटत राहिलं, तू सगळ्यांपासून लपलास. ते तुला बघत होते आणि तुझ्याकडून काही मागायचंच त्यांनी बंद केलं होतं. कारखाना गेला त्याहून हे मोठं नुकसान आहे. फ्लेक्सवर हे कोण लिहिणार?

घरी येऊन मी खूप विचार केला. तुझ्या बाजूनेही केला. तू नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं? विधेयक मंजूर व्हायचंच होतं. अध्यक्षांनी मानही वर केली नसती. कागदावर काही उमटलं नसतं. आपला कारखाना बंद व्हायचा तो झालाच असता, सलीमभाईंची बायको गेलीच असती, कदाचित तुझा दवाखानाही झाला नसता. बाकांच्या गोंगाटात तुझा एकट्याचा नाही खाली कुणाच्या कानावर पडला नसता.

पण मी वर बसले होते, विलास. प्रेस शॉपचे सगळे प्रेस एकदम पडत असताना तू मारलेली हाक मला वाइंडिंगपर्यंत ऐकू यायची.

मला ऐकू आलं असतं.